कोंबडीशी बोलणारी सासू

नाटकात वाईट बाई व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मी झाले. गोष्ट एवढीच. पण त्यापायी माझ्या धाकट्याचं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ आली, आणि त्याचा राग मी आधी शाळेतल्या बाईंवर काढला, मग मंडळाच्या अध्यक्षीणबाईंवर, आणि शेवटी आमच्या ह्यांच्यावर. ह्यांचा त्यात काडीचा संबंध नव्हता, पण घरात समोर तेच सापडले.

आमचं गाव वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्याला. भात झोडून झालं, वाल पेरून झाले की बायकांना जरा उसंत मिळते, आणि उसंत मिळाली की उचापती सुचतात. त्या वर्षी माघात मुरबाडला महिला मंडळांचा मेळावा होता. मुरबाड आणि शहापूर, दोन्ही तालुक्यांतली मंडळं येणार होती. फुगड्या दरवर्षी होतात, म्हणून आमच्या शाळेतल्या बाईंनी आम्हाला नाटक लिहून दिलं. बाई देशावरच्या, हौशी आणि बोलायला भारी शुद्ध. विषय होता सुनेचा छळ.

त्याच दिवसांत धाकट्याचं जमत आलं होतं. तो मुरबाडला कंपनीत कामाला. वय एकोणतीस, आणि आधीची तीन स्थळं ‘मुलगा चांगला आहे, पण गाव फार आत आहे’ म्हणून परत गेलेली. ही मुलगी उंबरमाळीकडची. शहापुरात एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची. दोघं एकमेकांना पसंत होती. पाहणं झालं होतं, त्यांचं आमचं घर बघून जाणं झालं होतं, आता मेळाव्यानंतरच्या गुरुवारी सुपारी फोडली की लग्न पक्कं. धाकट्यानं स्वतःच्या हातानं पुढच्या खोलीला पोपटी रंग दिला होता. जो मुलगा घरात स्वतःचं ताट उचलत नाही त्यानं भिंत रंगवली, म्हणजे त्याच्या मनात किती असेल ते बघा.

तर नाटक. शाळेच्या वर्गात अकरा बायका जमलो. बाईंनी विचारलं, “सून कोण होणार?” आठ हात वर गेले. त्यातला एक हात पासष्ट वर्षांचा होता. पुढचे दोन दात नसलेली ती म्हातारी म्हणाली, “मला रडता चांगलं येतं.” शेवटी ते काम अध्यक्षीणबाईंनी घेतलं, कारण त्या अध्यक्षीणबाई. दयाळू शेजारीण व्हायलाही चढाओढ लागली. मग बाई म्हणाल्या, “आणि सासू?”

वर्गात सगळ्यांना एकदम पायाची नखं दिसायला लागली.

“आमच्याकडं पुढच्या महिन्यात हळद हाय,” एक म्हणाली.

“मला ह्याच गावात ऱ्हाचं हाय,” दुसरी म्हणाली.

“माझी सासू अजून हाय. तिला वाटंल मी तिचंच सोंग घेते,” तिसरी म्हणाली, आणि तिचं म्हणणं खरंच होतं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज मोठा. भाताच्या आवणीच्या वेळी मी ह्या बांधावरून बोलले की पलीकडच्या वाडीतला माणूस ‘ओ’ देतो. आणि माझ्या सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती, म्हणजे त्यांचीही हरकत नव्हती. मी म्हटलं, द्या. कुणीतरी वाईट झाल्याशिवाय तुमची चांगली बाई चांगली कशी दिसणार? सुनेला काम काय, तर रडायचं. शेजारणीला काम काय, तर ‘अरेरे’ म्हणायचं. गोष्ट पुढं ढकलायची ती मीच. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि खरं सांगते, आतून गुदगुल्या होत होत्या.

बाईंनी फळ्यावर पात्रं लिहिली. अध्यक्षीणबाईंच्या नावापुढं ‘नायिका’, माझ्या नावापुढं ‘खलनायिका’. नायिका म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. खलनायिकेवर मात्र जरा चर्चा झाली. अध्यक्षीणबाईंनी निकाल दिला, “खल घेतलेली नायिका.” कुणाला हसू आलं नाही, कारण पटण्यासारखंच होतं. सासू घरात बसून मसाला कुटत असणार, म्हणजे हातात खल हवाच. दुसऱ्या दिवशी तालमीला मी आमचा लोखंडी खलबत्ता गोणपाटात गुंडाळून, डोक्यावर घेऊन गेले.

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. “हे कशाला?”

“तुमीच लिहिलं व्हतं ना फळ्यावर.”

बाईंनी कपाळाला हात लावला. मग समजावलं, खल म्हणजे दुष्ट. त्याचा खलबत्त्याशी संबंध नाही. मी म्हटलं, “दुष्ट तर दुष्ट. पण मी हा एवढा वाहून आणला, तो आता परत नेणार नाय.” तर खल राहिला. आणि काय सांगू, त्या खलानं काम असं काही रंगलं! वाक्य बोलायचं आणि बत्ता हाणायचा. ठण्ण! अध्यक्षीणबाई पहिल्या दिवशी खरोखर दचकून मागे सरल्या. बाई म्हणाल्या, हे ठेवा, हे छान आहे.

पण बाईंनी लिहिलेली वाक्यं माझ्या जिभेवर बसेनात. ‘अगं अवदसे, या घरात तुला स्थान नाही!’ आता आमच्याकडे कुठली सासू ‘स्थान’ म्हणते? आणि खरी सासू अशी समोरासमोर ओरडतच नाही. ओरडली तर सून उलट बोलेल, शेजारी ऐकतील, लेक मध्ये पडेल. खरी सासू सुनेशी बोलतच नाही. ती कोंबडीशी बोलते.

मी बाईंना करून दाखवलं. सून उशिरा उठून बाहेर आली आहे असं धरायचं. मी कोंबडीला दाणे टाकते आणि म्हणते, “तू तरी टायमावर उठते गो बाय. तुझ्या आईनं तुला बरं वळण लावलंन.” ठण्ण! कालवणात मीठ जास्त झालं तर सुनेला काही म्हणायचं नाही. पाण्याचा तांब्या घ्यायचा, घटाघटा प्यायचा आणि भिंतीला विचारायचं, “मीठ स्वस्त झालं वाटतं गो?” ठण्ण! आणि सगळ्यांत जालीम म्हणजे, सून काम करायला आली की हातातलं काढून घ्यायचं आणि गोड आवाजात म्हणायचं, “ऱ्हाव दे गो. मी करते. मला सवय हाय.”

वर्गातल्या बायका हसून हसून आडव्या पडल्या. दात नसलेली म्हातारी डोळे पुसत म्हणाली, “अगो, ही तर माझी सासू!” दुसरी म्हणाली, “नाय, माझी.” बाईंनी विचारलं, “तुम्हाला हे सुचतं कुठून?” मी म्हटलं, “सुचाचं काय त्यात? माझ्या सासूबाईंचं हाय सगळं. मी नुसतं पाठ केलंय.”

त्या वेळी कोपऱ्यात माझी सून बसली होती. थोरल्याची बायको, दहा वर्षं झाली तिला आमच्या घरी येऊन. तिला अक्षरं भरभर वाचता येतात म्हणून बाईंनी तिला वही घेऊन पडद्यामागं उभं राहायला सांगितलं होतं, कुणी वाक्य विसरलं तर हळूच सांगायला. ती फार बोलणारी नाही. सगळ्या हसत होत्या तेव्हा तीही हसत होती, तोंडाला पदर लावून, जरा जास्तच.

मेळाव्याचा दिवस उजाडला. दुपारी जेवणं झाल्यावर आमचा नंबर. मांडव गच्च भरलेला. पहिल्या कोंबडीलाच असा हशा उसळला की पुढचं वाक्य बोलायला मला थांबावं लागलं. आयुष्यात माझ्या बोलण्यावर एवढ्या बाया कधी हसल्या नव्हत्या. अंगात आल्यासारखं झालं. मिठाचं झालं, टाळ्या. आणि तेवढ्यात माझी नजर तिसऱ्या रांगेत गेली. होणारी विहीण बसली होती. शेजारी मुलगी. दोघी हसत नव्हत्या.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. शहापूरची मंडळं येणार हे मला माहीत होतं, पण त्यांतल्याच एका मंडळात विहीणबाई असतील हे डोक्यात आलं नव्हतं. आता काय करावं? गुरुवार चार दिवसांवर. मला एकच सुचलं. मी चांगली झाले.

अध्यक्षीणबाई भांडी घासायला बसल्या होत्या. आता मी त्यांना ढकलायचं होतं. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, “दमली असशील गो. बस जरा. मी चहा टाकते.”

अध्यक्षीणबाई गार. त्यांनी रडायची सगळी तयारी करून ठेवली होती. त्या माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघते. पुढं दयाळू शेजारीण येणार होती, ती अर्ध्यात येऊन थांबली, कारण ‘अरेरे’ म्हणण्यासारखं काही घडतच नव्हतं. पडद्यामागून बाई दबक्या आवाजात म्हणतायत, “छळा! छळा तिला!” शेवटी अध्यक्षीणबाईंचा धीर सुटला. माझा हात धरून त्या मोठ्यानं म्हणाल्या, “असं काय करता आई? छळा ना मला!”

मांडव कोसळायचा बाकी राहिला. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, मग सगळ्या मांडवाकडे पाहिलं. चांगली राहिले असते तर नाटक तिथंच संपलं असतं. आणि मला टाळ्यांची चटक लागली होती, हे कशाला लपवू? मी त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलं, मधासारखा आवाज काढला आणि म्हटलं, “ऱ्हाव दे गो. मी करते. मला सवय हाय.” ठण्ण!

पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. विहीणबाई मात्र चहालाही न थांबता गेल्या.

संध्याकाळी मध्यस्थांचा फोन आला. “ते म्हणतात, विचार करून कळवतो.” आमच्याकडे ‘विचार करून कळवतो’ म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही समजतं. धाकटा कामावरून आला, त्यानं ऐकलं, आणि बूट न काढता तसाच खाटेवर बसून राहिला. एवढंच म्हणाला, “आई, तुला एवढं खरं कराला कोणी सांगितलं व्हतं?” त्या पोपटी भिंतीसमोर बसला होता तो. चौथं स्थळ, आणि ते माझ्यामुळं गेलं.

मी हातपाय गाळून बसणारी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवीभर वालाच्या शेंगा घेतल्या, सुनेला म्हटलं, “चल.” साक्षीदार हवा ना! मुरबाड, तिथून शहापूरची एसटी, पुढं जीप. वाटभर मी तिला पढवत होते.

“त्यांनी इचारलं सासू कशी हाय, तर काय सांगशील?”

“काय सांगू?”

“सांग, लेकीसारखं वागवतात.”

“तुमाला लेक कुठं हाय?” ती म्हणाली. तेही खरं. दोन मुलगेच मला.

विहीणबाईंनी पाणी दिलं, बसायला दिलं. बोलणं तुटक. मुलीचा दवाखाना त्या दिवशी बंद होता, ती दाराशी उभी. मी सगळं समजावून सांगितलं. नाटक होतं, कुणीच ते काम घेईना, खलाचं काय झालं, सगळं. “अन् ती बोलणी माझी नायत हो. माझ्या सासूबाईंची. देवाशपथ.”

विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी सुनेला विचारलं, “खरं सांग गो बाय. तुझी सासू कशी हाय?”

सुनेनं पेला खाली ठेवला. मी डोळ्यांनी खूण केली, लेकीसारखं. ती म्हणाली, “नाटकातली बोलणी ह्यांचीच हायेत.”

मला वाटलं जमीन दुभंगावी.

“कोंबडीचं तर रोजचं हाय. मिठाचं मागच्या बुधवारचं. अन् ‘ऱ्हाव दे, मी करते’ ते नाटकाच्या आदल्या दिवशी बोलल्या मला. मी वही घेऊन मागं उभी व्हते, पण वहीत बघाची गरजच पडली नाय. मला पाठ हाय.”

मला खरंच माहीत नव्हतं हो! मला वाटत होतं ती सासूबाईंची वाक्यं, मी आठवून आठवून काढली. आणि मी तर ती रोज वापरत होते, घरातल्या तांब्यासारखी.

“पण मी पण काय कमी नाय,” सून पुढं म्हणाली. आता तिला थांबवणार कोण! “ह्या कोंबडीशी बोलतात, मी म्हशीशी बोलते. धार काढताना. ‘खाल्लंस ना पोटभर? मग आता गप ऱ्हा. उगाच शेपटी मारू नको.’”

“म्हशीला बोलतेस ना ते?” मी विचारलं.

“म्हैस कुठं शेपटी मारते आपली? गरीब हाय ती.”

दहा वर्षं! दहा वर्षं मी ओसरीवर बसून ऐकत होते, आणि शेजारणींना कौतुकानं सांगत होते की आमची सून जनावरांवर किती माया करते, सारखी बोलत असते त्यांच्याशी. मला इतका राग आला की कान तापले. आणि त्याच वेळी दाराशी उभी असलेली ती मुलगी फसकन हसली. हसू आवरता आवरेना, ओढणी तोंडात कोंबली तरी आवरेना. विहीणबाई तिच्यावर डोळे वटारत होत्या, पण त्यांचेही ओठ हलायला लागले होते.

“आई,” ती मुलगी आपल्या आईला म्हणाली, “मला हे घर चालंल.”

“काय चालंल? ऐकलंस ना आता सगळं?”

“ऐकलं म्हणून तर. ताई त्यांच्या तोंडावर बोलल्या, अन् त्या उठून गेल्या का? बसल्यात अजून. गावातल्या सगळ्या सासवा गोडच बोलतात पाहुण्यांसमोर. मला निदान ह्यांची कोंबडी कळली.”

विहीणबाईंनी थोडा वेळ माझ्याकडे निरखून पाहिलं. मग शेंगांची पिशवी उचलून आत नेली. घेतली म्हणजे झालंच. गुरुवार पक्का.

परत येताना जीपमध्ये मी सुनेशी एक अक्षर बोलले नाही. काम झालं होतं, धाकट्याला फोन करून झाला होता, तो फोनवर नुसता ‘बरं बरं बरं’ करत होता. आनंद होता. पण मी फुगले होते. शहापूरच्या स्टँडवर मुरबाडची एसटी लागायची होती. दोघी बाकावर बसलो, मध्ये रिकामी पिशवी. माझ्या डोक्यात हिशोब चालू होता, ती म्हशीला आणखी काय काय बोलली होती. ‘तुझं आपलं सारखं आडवं येणं.’ हेही मलाच. ‘कितीबी दे, तुझं पोट भरत नाय.’ हेही. एकेक आठवत गेलं तसा राग चढण्याऐवजी उतरायला लागला. कारण प्रत्येक वेळी आधी मी काय बोलले होते, तेही आठवत होतं. माझ्या गोष्टीत मी सासूबाईंनी गांजलेली गरीब सून होते. हिच्या गोष्टीत मी तीच सासू होते, नुसती पातळं बदललेली. आणि माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

“लागाचं काय गो तुला?” मी विचारलं. “माझं बोलणं?”

वाटलं होतं हसण्यावारी नेईल.

“लागाचं ना, आई. पयल्या वर्षी तर लय.”

तिनं ते रागानं म्हटलं नाही, आणि त्यामुळं मला जास्त लागलं. मला तिच्यापुढं लाज वाटली. माझ्या सासूबाईंपुढं कधी वाटली नव्हती एवढी.

मग तिनंच विचारलं, “तुमाला पण लागाचं असंल. तुमच्या सासूबाईंचं.”

“लागाचं.”

“मग तुमी कोणाशी बोलाच्या? तवा पण म्हैस व्हती ना आपल्याकडं?”

म्हैस होती. गाय होती, बैलजोडी होती. मी त्यांच्यापुढं वैरण टाकायची आणि मुकाट परत यायची.

“कोणाशीच नाय गो,” मी म्हटलं. “तू येईस्तवर सगळं सांभाळून ठेवलं व्हतं.”